लॉबीतली माणसं

रात्री दहानंतर, वयात येणारी मुलं असलेल्या कुठल्याही घरात बंद दाराआडून येणारे काही आवाज आता सगळ्यांच्या ओळखीचे झाले आहेत. ‘मागे बघ, मागे!’ ‘रिव्हाइव्ह दे ना यार!’ ‘स्मोक टाक, स्मोक!’ चौघांच्या स्क्वॉडमधला एखादा चुकीच्या वेळी घराबाहेर पळतो, मरतो आणि त्याच्यापाठोपाठ उरलेलेही मरतात. मग एक शिवी येते. बहुतेक वेळा ती हिंदीतली आणि आईबहिणीवरची असते. मराठी घरातली मुलंही ती हिंदीतच देतात. बाहेरच्या खोलीतली आई टीव्हीचा आवाज वाढवते किंवा दारावर थाप मारते. पण शिवी ज्याला बसली, तो कुठे आहे, किती वर्षांचा आहे, त्यानंतर त्याने फोन बाजूला ठेवला की तोही पुढच्या मॅचमध्ये दुसऱ्या कुणाला तीच शिवी देणार आहे, यातलं या घरात कुणालाच ठाऊक नसतं. तो रँडम असतो. लॉबीत यंत्राने जुळवून दिलेला आणि अर्ध्या तासाने कायमचा नाहीसा होणारा.

ऑनलाइन खेळांतल्या या शिवीगाळीच्या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं आहेत. पालक म्हणतात, मोबाइल काढून घ्या. खेळ चालवणारे म्हणतात, रिपोर्टचं बटण दिलं आहे ना, ते दाबा. दोन्ही उत्तरांमागचा समज एकच आहे, की काही मोजकी मुलं वाईट असतात आणि ती बाजूला काढली की उरलेलं सगळं ठीक होईल. या विषयावर गेल्या काही दशकांत जे काम झालं आहे, ते वाचल्यावर हा समज टिकत नाही, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. खेळातला उर्मटपणा मुख्यतः साध्या माणसांचा असतो. त्यांना तसं वागू देणारी, कधी तसं वागायला लावणारी जागा कुणीतरी बांधलेली असते. आणि बांधलेली जागा बदलता येते.

याचा सगळ्यात मोठा प्रयोग ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या खेळात झाला. लॉस एंजेलिसच्या रायट गेम्स कंपनीने हा खेळ २००९ मध्ये आणला. पाच विरुद्ध पाच, एक डाव साधारण अर्धा-पाऊण तास. एकाची चूक बाकीच्या चौघांना भोवते आणि डाव अर्ध्यावर सोडताही येत नाही. पाच अनोळखी माणसं अशी बांधून घातल्यावर जे व्हायचं तेच झालं. खेळ जगभर गाजला आणि त्यातल्या शिवीगाळीची ख्यातीही तितकीच पसरली. २०११ मध्ये कंपनीने ट्रिब्युनल सुरू केलं. ज्याच्याविरुद्ध वारंवार तक्रारी आल्या, त्याचं प्रकरण इतर खेळाडूंसमोर मांडायचं. त्या डावात तो काय काय बोलला ते जसंच्या तसं, त्याचा खेळ कसा झाला, तक्रार कशाची, हे सगळं एका पानावर. वाचणाऱ्याने कौल द्यायचा, शिक्षा की माफी. असे दहा कोटींहून अधिक कौल दिले गेले. एका खेळाच्या रहिवाशांनी आपल्याच शेजाऱ्यांच्या बोलण्याचा इतक्या मोठ्या प्रमाणावर न्याय केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

कंपनीने या कामासाठी जेफ्री लिन यांना नेमलं. त्यांची डॉक्टरेट मेंदूविज्ञानातली. त्यांच्या गटाने सर्वांत आधी मोजणी केली आणि जे हाती आलं ते अपेक्षेच्या उलट होतं. सतत वाईट वागणारे खेळाडू जेमतेम एक टक्का होते आणि एकूण शिवीगाळीत त्यांचा वाटा लहान होता. बाकीची सगळी नेहमी नीट वागणाऱ्यांकडून येत होती. कुणाचा दिवस वाईट गेलेला, कुणी आधीच्या तीन मॅच हरलेला, कुणी मागच्या डावात शिव्या खाऊन आलेला. म्हणजे एक टक्का लोकांना हाकलून दिलं तरी लॉबी जवळजवळ होती तशीच राहणार होती.

मग त्यांनी लहान लहान बदल करून बघितले. विरुद्ध संघाशी बोलण्याची सोय आपोआप सुरू असायची, ती त्यांनी आपोआप बंद ठेवली. ज्याला हवी त्याने सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी, कुणाला अडवलेलं नाही. आधीच्या आणि नंतरच्या आठवड्याची तुलना केली तेव्हा वाईट बोलणं तीस टक्क्यांहून जास्त घटलं होतं आणि चांगलं बोलणं पस्तीस टक्क्यांच्या आसपास वाढलं होतं. एकूण बोलणं मात्र जवळपास तेवढंच. एक पायरी मध्ये आल्याने तोंडात आलेला शब्द तिथेच विरला, आणि ज्यांना खरंच काही बोलायचं होतं ते पायरी चढून आले. खेळ सुरू होताना पडद्यावर दिसणाऱ्या सूचनांचेही प्रयोग झाले. चुकलेल्या सोबत्याला त्रास दिला की त्याचा खेळ आणखी बिघडतो, ही ओळ लाल अक्षरांत दाखवली तर शिवीगाळ कमी व्हायची, पांढऱ्या अक्षरांत तीच ओळ फिकी पडायची. चांगल्या वागण्यासाठीही २०१२ मध्ये एक सोय आली. डाव संपल्यावर सोबत्याला मदतीबद्दल, मैत्रीबद्दल किंवा संघभावनेबद्दल मान देता येई. समोरच्या संघातल्या सभ्य खेळाडूलाही तो देता येई, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. हरवणाऱ्याला हरलेल्याने दिलेला मान हा खेळातला सर्वांत खरा मान.

पण या प्रयोगातली शिक्षेची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. सुरुवातीला खेळाडूवर बंदी यायची, कुठल्या प्रकारच्या वागण्यासाठी तेवढं सांगितलं जायचं आणि विषय संपायचा. अशांपैकी सुमारे निम्मे पुढचे तीन महिने पुन्हा शिक्षा व्हावी असं वागले नाहीत. नंतर बंदीच्या निरोपासोबत त्याचीच वाक्यं त्याला दाखवायला सुरुवात झाली. हे तू बोललास, आणि इतर खेळाडूंना ते अयोग्य वाटलं. सुधारणाऱ्यांचं प्रमाण ६५ टक्क्यांवर गेलं. पुढे ट्रिब्युनल बंद झालं, कारण निकालाला फार वेळ लागायचा. त्याच्या जागी मशीन लर्निंगवर चालणारी व्यवस्था आली आणि डाव संपल्यावर पाच-दहा मिनिटांतच निरोप पोचू लागला. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे सुधारणाऱ्यांचं प्रमाण ९२ टक्क्यांपर्यंत गेलं. आकडे कंपनीचे स्वतःचे आहेत, तेव्हा ते जपूनच वाचायचे. तरी दिशा पटण्यासारखी आहे. लिन एका दहा वर्षांच्या मुलाच्या पत्राबद्दल सांगत. कृष्णवर्णीयांसाठी वापरला जाणारा एक घाणेरडा शब्द वापरल्याबद्दल त्या मुलाला शिक्षा झाली होती. त्याने लिहिलं, की हा शब्द वापरायचा नसतो हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं, माझं चुकलं. कुणी सांगितलंच नव्हतं, हे वाचून मी बराच वेळ थांबलो. चाळीच्या अंगणात क्रिकेट खेळताना तोंडातून भलता शब्द गेला की वरच्या गॅलरीतून एखाद्या काकूंचा आवाज यायचा. तो आवाज चांगला होता की जाचक, यावर वाद घालता येईल, पण तो यायचा. लॉबीला गॅलरी नाही. ती मुद्दाम बांधावी लागते.

आणि हे आजचं नाही. १९८६ च्या सुमारास लुकासफिल्मच्या खेळ विभागातल्या चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी ‘हॅबिटॅट’ नावाचं एक जग उभं केलं. कमोडोर ६४ हा घरगुती संगणक टेलिफोनच्या तारेला जोडायचा आणि चित्रातल्या एका गावात आपलं बाहुलं घेऊन फिरायचं. तिथे बंदुका होत्या. मेलं की आपण आपल्या घरी परत यायचो, आपलंच डोकं हातात घेऊन, खिसे रिकामे, आणि मरताना हातात असलेली वस्तू जिथे मेलो तिथेच पडलेली. थोड्याच दिवसांत काहींनी दिसेल त्याला मारून लुटायला सुरुवात केली. हा गुन्हा की खेळाचाच भाग, असा कौल घेतला तर रहिवासी निम्मे-निम्मे झाले. त्या जगातलं पहिलं देऊळ एका खेळाडूने उघडलं. तो प्रत्यक्षात ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचा धर्मगुरू होता. पंथाचं नाव त्याने ठेवलं ‘पवित्र अक्रोडाचा संघ’. त्यात यायचं तर शस्त्र बाळगायचं नाही, चोरी करायची नाही, कुणाला मारायचं नाही. तो पंथ चांगलाच लोकप्रिय झाला. पुढे रहिवाशांनी आपला शेरीफ निवडला, आणि बनवणाऱ्यांनी गावाच्या हद्दीत हाणामारी बंद करून बाहेरच्या रानात ती तशीच ठेवली. ऑनलाइन जगांच्या इतक्या पहाटे, मोजक्या ठिपक्यांची बाहुली घेऊन माणसांनी पहिल्यांदा काय केलं, तर लूटमार केली, आणि लगोलग व्रतंही घेतली. दोन्ही गोष्टी माणसातच आहेत. कुठली वर यायची हे बरंचसं हद्दी कुठे आखल्या यावर ठरलं.

हद्द आखण्याची याहून सुंदर गोष्ट ‘जर्नी’ या खेळाची आहे. शांघायहून अमेरिकेत शिकायला आलेले जेनोवा चेन आणि त्यांची दॅटगेमकंपनी यांनी तो २०१२ मध्ये प्लेस्टेशनसाठी केला. वाळवंट, दूरवर एक डोंगर, त्याच्या माथ्यावर उजेड. आपण एक झगा घातलेली आकृती, गळ्याला उपरणं. चालताना वाळूत रेघ उमटते. मध्येच वाळूच्या टेकाडावर तसाच दुसरा कुणीतरी दिसतो. तो जगातल्या कुठल्या तरी घरातला खरा माणूस असतो. त्याचं नाव दिसत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही, टाइप करता येत नाही. एक बटण दाबलं की आपल्या आकृतीतून घंटेसारखा एक सूर निघतो, तेवढीच भाषा. पटकन दाबून सोडलं तर लहान, धरून ठेवलं तर मोठा. माणसं या एवढ्यावर ‘इकडे ये’, ‘थांब’, ‘आभारी आहे’ सगळं सांगतात.

हा खेळ असा सहज झालेला नाही. सुरुवातीच्या आवृत्तीत दोन आकृत्या एकमेकांना धडकू शकायच्या. हेतू चांगला होता. मदतीने अवघड जागा चढाव्यात, एकमेकांना आधार द्यावा. पण कंपनीतलेच लोक खेळायला बसले, खूप छान वागायचं असं ठरवून बसले, तरी एकमेकांना खड्ड्यात ढकलायला लागले. चेन यांनी एका बालमानसतज्ज्ञाला विचारलं. उत्तर आलं, की नव्या जगात आलेली माणसं लहान मुलांसारखी असतात. मूल वस्तू आपटतं ते दुष्टपणाने नाही, ज्यातून सगळ्यात मोठा आवाज येतो ते ते करून बघतं. मोठ्यांचंही नव्या जागी तसंच होतं. ढकललं की समोरचा पडतो, ओरडतो, म्हणून ढकलायचं. तुम्हाला ते नको असेल तर ढकलण्यातून काहीच होणार नाही असं करा आणि जे हवं आहे त्यातून काहीतरी घडू द्या. त्यांनी धडक काढून टाकली. त्याऐवजी दोन आकृत्या जवळ आल्या की दोघांची उपरणी उजळतील आणि दोघांना उडायची ताकद मिळेल असं केलं. शेवटच्या बर्फाळ चढावर वारा इतका झोंबतो की लोक आपोआप एकमेकांना चिकटून चालतात. खेळ संपल्यावर, सगळ्यांत शेवटी, वाटेत भेटलेल्यांची नावं दिसतात. त्या कंपनीकडे खेळाडूंची शेकडो पत्रं आली. त्यातली कितीतरी, न दिसलेल्या त्या सोबत्याचे आभार मानणारी होती.

सगळे खेळ असे करता येत नाहीत हे उघड आहे. ज्या खेळात गोळ्या झाडायच्या आहेत तिथे चढाओढ राहणार, आवाज चढणार. पण तिथेही हात टेकायचं कारण नाही. २०१९ मध्ये आलेल्या ‘एपेक्स लेजेंड्स’ने पडद्यावर खूण करायची अशी उत्तम व्यवस्था दिली, की एकही शब्द न बोलता ‘इथे शत्रू आहे’, ‘इथे बंदूक पडली आहे’, ‘धन्यवाद’ हे सगळं सांगता येतं. कुणी माइक बंद ठेवून खेळत असेल तरी तो संघाला जड होत नाही.

ज्या मुलींना माइक बंद ठेवूनच खेळावं लागतं, त्यांच्यासाठी या सोयीचं मोल वेगळं सांगायला नको. त्यांच्यावर असा प्रसंग का येतो हे दाखवणारे दोन अभ्यास आहेत. २०१३ मध्ये ओहायोच्या दोन संशोधकांनी ‘हेलो ३’ या खेळात एक साधी गोष्ट केली. कुणाला न दुखवणारी तीच ती वाक्यं आधी ध्वनिमुद्रित करून ठेवली, एकदा पुरुषाच्या आवाजात, एकदा बाईच्या. त्यांनी डावांमध्ये ती वाजवली. शब्द तेच, खेळ तोच. बाईच्या आवाजाला पुरुषाच्या आवाजापेक्षा तिप्पट वाईट उत्तरं आली. दोन वर्षांनी मायकल कासुमोविच आणि जेफ्री कुझ्नेकॉफ यांनी हे कोण बोलतं ते बघितलं. बाईच्या आवाजावर अधिक तुटून पडणारे पुरुष स्वतः वाईट खेळणारे होते. ज्यांचा खेळ चांगला, ते तिच्याशी बरं वागत होते. आपल्यापेक्षा वरचढ ठरू शकेल अशी बाई आली की ज्याच्या पायाखालची जमीन सरकते, तो ओरडतो.

हा अनुभव फक्त ऑनलाइन खेळांपुरता नाही. नागपूरची दिव्या देशमुख २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या टाटा स्टील बुद्धिबळ स्पर्धेत खेळून आली आणि तिने जाहीरपणे लिहिलं, की लोक तिच्या चालींबद्दल न बोलता कपडे, केस आणि बोलण्याच्या ढबीबद्दल बोलत राहिले. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिच्या खेळावर बोलायचं नाही, एवढंच ठरवून बसलेल्या प्रेक्षकांना तिने पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, बाटुमीत महिला विश्वचषक जिंकून उत्तर दिलं. पण ज्या मुली विश्वचषक जिंकणार नाहीत, नुसत्या संध्याकाळी तासभर खेळायला बसतील, त्यांनाही हाच मान मिळायला हवा. त्यासाठी जिंकून दाखवायची अट कशाला?

रचनेने सगळं होतं असं मी म्हणत नाही. ‘रॉकेट लीग’मध्ये गाड्यांनी फुटबॉल खेळायचा असतो आणि बोलायला काही तयार वाक्यं दिली आहेत. ‘काय अडवलास!’ हे त्यातलं एक. ते कौतुकासाठी होतं. खेळाडू ते आता समोरच्यावर गोल झाला की लागोपाठ तीनदा दाबतात. गोड शब्दाला सुरीची धार लावायला माणसाला वेळ लागत नाही. उलट ‘ओव्हरवॉच’मध्ये जिंकल्यावर कुणी ‘फारच सोपं होतं’ असं हिणवण्यासाठी ठरलेली अक्षरं टाइप केली, की त्याच्या नावावर इतरांना भलतंच काही दिसायचं. माझी झोपायची वेळ टळून गेली, आईला सांगू नका, अशा अर्थाचं काहीतरी. हिणवणाऱ्याची हवा तिथेच जायची आणि कुणी दुखावलंही जायचं नाही. मला ही युक्ती पुष्कळ शिक्षांपेक्षा शहाणी वाटते.

आणखी एक गोष्ट इथे लिहिणं भाग आहे. खेळाडूंना सौजन्य शिकवण्यात जी कंपनी सगळ्यांच्या पुढे होती, त्याच रायट गेम्सवर तिथल्या महिला कर्मचाऱ्यांनी २०१८ मध्ये भेदभावाचा दावा लावला आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये कंपनीने दहा कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. खेळाच्या आत जे नियम लागू करतो, ते कार्यालयातही लागू व्हायला हवेत. जेफ्री लिन यांच्या प्रयोगांचं मोल यामुळे कमी होत नाही, पण सभ्यता कुणा एका कंपनीच्या हवाली करून मोकळं होता येणार नाही, एवढं यातून कळतं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी नॉर्वेच्या मॅट्स स्टीनचं नाव घेईन. स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या ड्यूशेन आजाराने तो २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी गेला. शेवटची वर्षं व्हीलचेअरवर, बहुतेक वेळ संगणकासमोर. आईवडिलांना वाटायचं, आपल्या मुलाला मैत्री, प्रेम, कुणाच्या उपयोगी पडणं यातलं काहीच मिळालं नाही. तो गेल्यावर वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर दोन ओळी लिहिल्या, आणि युरोपभरातून पत्रं येऊ लागली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये तो इबेलिन नावाने खेळायचा, ‘स्टारलाइट’ नावाच्या गटात. तिथे त्याने कुणाला नैराश्यातून सावरलं होतं, एका आईला तिच्या ऑटिस्टिक मुलाशी पुन्हा बोलतं केलं होतं. तो संत नव्हता, चिडायचा, लोकांना तोडूनही बोलायचा. तरी त्याच्या अंत्यविधीला निरनिराळ्या देशांतून माणसं ऑस्लोला आली, ज्यांनी त्याला आधी कधी प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं. बेंजामिन री यांनी त्याच्यावर केलेला माहितीपट २०२४ मध्ये आला. त्या गटातलं वातावरण विषारी असतं, पहिल्याच आठवड्यात त्याला कुणी हिणवून हाकललं असतं, तर त्याच्या वाट्याला आलेलं ते दुसरं आयुष्य आलंच नसतं.

आपल्याकडे गेमिंगवर चर्चा होते ती बंदीची आणि पैशांची. २०२० मध्ये पबजी बंद झाला, २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती बीजीएमआय आली, मध्ये पुन्हा बंद होऊन २०२३ मध्ये परतली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. कर्जात बुडालेली घरं बघता त्याची गरज होतीच. पण मुलं आपापसात कशी बोलतात, हा विषय अजून कुणाच्या टेबलावर आलेला दिसत नाही. यंत्रं तो सोडवतील असं धरून चालू नये. रायटने आपल्या ‘व्हॅलोरंट’ या खेळात खेळाडूंचं बोलणं रेकॉर्ड करून तपासायचं ठरवलं, तेव्हा २०२२ मध्ये सुरुवात उत्तर अमेरिकेतल्या इंग्रजीपासून केली. मराठीतला टोमणा, मालवणी शिवी, हिंदीत मिसळलेलं विदर्भातलं बोलणं समजणारं यंत्र येईल तेव्हा येईल. तोवर हे काम ऐकणाऱ्या माणसांचंच आहे.

पालकांना माझी विनंती आहे, की फोन काढून घेण्याआधी एकदा मुलाच्या शेजारी बसून एक अख्खी मॅच बघा. कोण कोण आहे, कोण काय बोलतं, तुमचं मूल शिव्या देतं की खातं, हे डोळ्यांनी बघा, आणि मग त्याच्याशी बोला. त्याने काय म्हटलं ते त्याच्याच शब्दांत त्याला सांगा. जिथे कॉलेजांतून, सोसायट्यांतून मुलं स्पर्धा भरवतात तिथे मैदानावर पंच असतो तसा लॉबीत बोलण्यावर लक्ष ठेवणारा एक जण ठेवा आणि शिवी दिली तर संघाचा गुण जाईल, हे आधी जाहीर करा.

आणि जी मुलं खरंच चांगली खेळतात, ज्यांचं स्क्वॉडमध्ये ऐकलं जातं, त्यांना सगळ्यात जास्त सांगायचं आहे. लॉबीत सूर तुम्हीच लावता. नवा मुलगा चुकला आणि तिसरा त्याच्यावर घसरला, तर माइक सुरू करून एवढंच म्हणा, ‘राहू दे, सगळ्यांचं होतं, पुढची मॅच लाव.’ एखाद्या मुलीचा आवाज ऐकून कुणी बरळायला लागला, तर गप्प बसू नका, त्याला थांबवा आणि थांबत नसेल तर स्क्वॉडमधून काढा. हे आजच्या मॅचपासून करा.